276 पैकी एक पॅकार्ड, पण घर गहाण टाकून?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. 1956 ची पॅकार्ड कॅरिबियन कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडत्या छताची जुनी अमेरिकन आलिशान गाडी, त्यांना 85 हजार डॉलरला मिळते आहे. त्यातले 60 हजार घरावर 8 टक्क्यांनी कर्ज काढून उभे करायचे आणि 25 हजार अडीअडचणीसाठी ठेवलेल्या 40 हजारांतून उचलायचे. पाच वर्षं गाडी सांभाळायची आणि मुलगी कॉलेजला निघाली की विकून फी भरायची, असा बेत आहे. "अशा फक्त 276 बनल्या, भाव चढणारच," असं ते म्हणतात. पत्नी अजिबात तयार नाही.

मी वहिनींच्या बाजूने आहे. गाडीत खोट नाही, पैसे उभे करण्याच्या तऱ्हेत आहे.

276 हा आकडा खरा. पण भाव येतो तो मागणाऱ्यांच्या चढाओढीमुळे, नुसत्या दुर्मीळपणामुळे नाही. 1953 च्या कॅडिलॅक एल्डोरॅडो 532 बनल्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट, तरी लिलावात ती सहसा तुमच्या कॅरिबियनच्या वरच जाते. कॅडिलॅक आजही नवी मिळते, नाव पोरासोरांनाही ठाऊक असतं. पॅकार्डचं डेट्रॉइटमधलं उत्पादन 1956 च्या जूनमध्येच थांबलं आणि 1958 नंतर नावही पुसलं गेलं. पॅकार्डचे शौकीन दर्दी खरे, पण मोजके. त्यांतल्या दोघा-तिघांना नेमका तुमच्या फीच्या महिन्यात उत्साह आला पाहिजे.

भाववाढीचंही बघा. नवी असताना ही गाडी 6 हजार डॉलरच्या आसपास होती. महागाई धरली तर आजचे साधारण 70 हजार होतात. म्हणजे जवळपास सत्तर वर्षांत ती महागाईच्या थोडीशीच पुढे गेली, आणि मधल्या मालकांनी रंग, टप, गॅरेज आणि विम्यावर घातलेले पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

आता तुमची पाच वर्षं. कर्जाचं नुसतं व्याज वर्षाला 4,800, म्हणजे एकूण 24 हजार. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे आणखी साडेपाच हजारांच्या वर. म्हणजे 1 लाख 14 हजारांच्या पुढे विकली तरच तुम्ही आहात तिथे राहता. विमा, देखभाल आणि विकतानाचं कमिशन वेगळंच. घरासाठी न वापरलेल्या या कर्जाच्या व्याजाची करात वजावट नाही. नफा झालाच तर संग्राह्य वस्तू म्हणून त्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. तोटा झाला तर हौसेची वस्तू म्हणून तो करात दाखवता येत नाही. उलट 529 या शिक्षणासाठीच्या अमेरिकन बचत खात्यात घातलेल्या पैशांची वाढ शिक्षणावर खर्च केली की केंद्रीय करातून सुटते. फीसाठी याहून सरळ वाट दुसरी नाही. मुलीच्या चार वर्षांची सोय तिथे आधी लावा.

तरीही मन मानत नसेल तर गाडी नीट पारखून घ्या, कारण या मॉडेलची दुखणी प्रसिद्ध आहेत. भार पडला की विजेच्या मोटरने गाडी पुन्हा समतल करणारी टॉर्शन-लेव्हल यंत्रणा हे तिचं वैशिष्ट्य. इग्निशन चालू ठेवून दोघांना मागच्या बंपरवर बसवा आणि साताठ सेकंद थांबा. मोटरचा आवाज होऊन गाडीचा मागचा भाग आपोआप उचलला गेला पाहिजे. बसलेलाच राहिला तर तिथेच भाव पाडा. गियरची बटणं स्टीअरिंगच्या उजवीकडे असतात, तीही विजेवर चालतात आणि अडकतात. गाडी तापल्यावर प्रत्येक बटण दाबून पाहा. सीटच्या गाद्या उलटवता येतात, एका अंगाला चामडं आणि दुसऱ्या अंगाला कापड. दोन्ही बाजू बघा. विक्रेते चांगली बाजूच वर ठेवतात. आणि मॉडेल क्रमांक 5699 आहे ना, ते पाटीवर स्वतः वाचा. 5697 म्हणजे टणक छताची गाडी. या पाहणीसाठी पॅकार्डचा जुना कारागीर पैसे देऊन न्या, विक्रेत्याचा माणूस नको.

माझी अट एवढीच: कर्ज नाही आणि अडीअडचणीच्या 40 हजारांना हात नाही. पुढच्या काही वर्षांत बोनस आणि बचतीतून वेगळे पैसे साठले, तर त्यातून घ्या आणि तिला गुंतवणूक न म्हणता छंद म्हणा. तेव्हा विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुनी गाडी म्हणून घसरलेला भाव लावते.

निवृत्तीनंतर ती पुण्याला नेण्याचंही तुम्ही विचारलं आहे. भारतात 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते, पण ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरती. फर्ग्युसन रस्त्यावरची रोजची चक्कर त्यात बसत नाही.