वाचक विचारतात : राइड थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

उन्हाळी सुटी संपत आली की या सदराकडे मनोरंजन उद्यानांविषयीची पत्रे हमखास येतात. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मार्वेहून बोटीने पलीकडे जाणे हा मुंबईतल्या मुलांच्या सुटीचा भाग होऊन बसला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले, तेव्हा तीच मुले आपल्या मुलांना घेऊन द्रुतगती मार्गाने तिकडे जाऊ लागली. एरवीची पत्रे तिकिटांचे दर आणि खाण्याच्या किमती यांविषयी असतात. या वेळच्या बऱ्याच पत्रांत मात्र तिथे काम करणाऱ्या माणसांविषयी विचारणा आहे. या क्षेत्रात संचालनाचे आणि कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम मी केलेले असल्यामुळे त्यांपैकी चार पत्रे मुद्दाम निवडली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला असून त्याला एका थीम पार्कमध्ये राइड ऑपरेटर म्हणून नोकरी मिळाली आहे. पहिले काही आठवडे त्याला राइड चालवू देणार नाहीत, केवळ प्रशिक्षण देणार आहेत. बटण दाबण्याच्या कामासाठी एवढे शिकवायचे काय असते, असे नातेवाईक विचारतात. या कामात खरोखर शिकण्यासारखे काही आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या मुलाला लगेच पॅनेलवर बसवले असते, तर मला काळजी वाटली असती. ज्या पार्कमध्ये नव्या मुलाला आधी शिकवतात, तिथे तो योग्य जागी पोहोचला आहे असे समजावे.

या कामाचा दिवस दरवाजे उघडण्याच्या बराच आधी सुरू होतो. मेंटेनन्सचे तंत्रज्ञ रुळांची, चाकांची, ब्रेकची आणि नटबोल्टांची पाहणी करतात, लॉगबुकात सही करतात आणि मग राइड ऑपरेटरच्या ताब्यात देतात. ऑपरेटर त्या सहीवर विसंबून राहत नाही. तो आपली वेगळी चेकलिस्ट घेऊन प्रत्येक सीट, प्रत्येक लॅप बार (बसलेल्याच्या मांड्यांवर घट्ट बसणारा दांडा), आपत्कालीन बटण आणि फलाटावरची फाटके स्वतः तपासतो, रिकाम्या गाडीच्या ट्रायल फेऱ्या घेतो आणि त्यानंतरच दुसरी सही करतो. लोक येऊन बसले की लॅप बार डोळ्यांनी पाहून चालत नाही. तो हाताने खाली दाबायचा आणि मग वर ओढून पाहायचा, असे प्रत्येक सीटला, प्रत्येक फेरीत, दिवसभर करायचे. दुपारी तीनच्या सुमारास, उन्हाने जीव नकोसा झालेला असताना, शंभराव्या फेरीतही हात पहिल्या फेरीइतकाच प्रामाणिक राहावा, ही सवय अंगी बाणवायला वेळ लागतो आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग त्यातच जातो.

बहुतेक मोठ्या राइडवर गाडी सोडण्याचे काम एकट्याचे नसते. फलाटावरचा सहकारी आपली बाजू तपासून हात वर करून खूण देतो, काही ठिकाणी त्याच्यापाशीही वेगळे बटण असते, आणि दोघांची संमती झाल्याखेरीज गाडी हलत नाही. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे, तसेच हे आहे. रोलर कोस्टरवर यापलीकडे आणखी एक व्यवस्था असते. संपूर्ण मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी, यावर संगणक लक्ष ठेवतो. पुढचा भाग मोकळा नसेल तर तो मागची गाडी आपोआप रोखतो.

आता ही व्यवस्था असूनही माणसाला शिकवावे का लागते, याचे उत्तर इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स या पार्कमधील स्मायलर नावाच्या रोलर कोस्टरने २ जून २०१५ रोजी दिले. त्या दिवशी गर्दी पाहून रुळांवर पाचवी गाडी वाढवण्यात आली होती, परंतु ज्या तंत्रज्ञांना बिघाड दुरुस्त करण्यासाठी बोलावले त्यांना याची कल्पना नव्हती. जोरदार वारा होता. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी वळणाचा चढ न चढता मध्येच मागे येऊन अडकली. संगणकाने मागची, माणसांनी भरलेली गाडी वरच रोखून धरली, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. मार्ग मोकळा असल्याच्या समजुतीने तंत्रज्ञांनी संगणकाने घातलेली ही रोख (थांबा) हाताने बाजूला सारली आणि सोळा माणसे घेऊन निघालेली गाडी रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. पाच जणांना गंभीर इजा झाली, दोन तरुणींना पाय गमवावा लागला, आणि जखमींची सुटका व्हायला चार तासांहून अधिक वेळ गेला. पुढच्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. चौकशीत दोष सापडला तो काम करण्याच्या पद्धतीत: अशा वेळी कोणी कोणाला काय सांगायचे, रुळांवर गाड्या किती आहेत हे कसे मोजायचे आणि थांबा दूर करण्यापूर्वी काय पाहायचे, याची पक्की रीत घालून दिलेली नव्हती.

ही हकीकत मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आलो आहे, कारण तिच्यात वाईट हेतूचे कोणीच नव्हते. रांग वाढत होती आणि सगळ्यांना राइड लवकर सुरू करायची होती. म्हणून आपल्या मुलाला रुजू झाल्यावर एक प्रश्न वरिष्ठांना नम्रपणे विचारायला सांगा: मला शंका आली आणि मी राइड थांबवली, आणि नंतर काहीच बिघाड निघाला नाही, तर मला काय म्हणाल? ज्या पार्कमध्ये अशा मुलाची पाठ थोपटतात तिथे त्याने मन लावून काम करावे. ज्या पार्कमध्ये त्याच्याकडून खुलासा मागतात, तिथली राइड कितीही नवी असली तरी तिथे राहू नये. पुढे वाव निश्चित आहे. ऑपरेटरचा सीनियर ऑपरेटर, मग सुपरवायझर, मग संपूर्ण विभागाचा प्रमुख किंवा सुरक्षा व प्रशिक्षण विभागातील अधिकारी, अशा पायऱ्या चढलेली अनेक माणसे या क्षेत्रात आहेत, आणि हॉटेल मॅनेजमेंटमध्ये शिकलेले बोलण्या-वागण्याचे वळण तिथे फार उपयोगी पडते.

प्रश्न : आम्ही तासभर रांगेत उभे राहिलो आणि आमच्या आठ वर्षांच्या मुलाला, उंची बोटभर कमी आहे म्हणून, अगदी राइडच्या तोंडाशी परत पाठवले. मुलगा रडला. मी शेजारी बसून त्याला धरतो असे सांगूनही कर्मचारी ऐकेना. एवढा ताठरपणा योग्य आहे का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्या मुलाला झालेला त्रास मी समजू शकतो, तरीही त्या कर्मचाऱ्याने जे केले ते बरोबर होते. उंचीची मर्यादा राइड बनवणारी कंपनी ठरवते. लॅप बार किंवा खांद्यावरून येणारे कडे ठरावीक बांध्याच्या शरीराला घट्ट बसेल असे घडवलेले असते. मूल लहान असले तर त्याच्या मांड्यांवर बार नीट टेकत नाही आणि गाडी वळताना किंवा उतरताना ते सीटवरून सरकू शकते. वेगात असलेल्या गाडीत मुलाला हाताने धरून ठेवणे मोठ्या माणसालाही जमत नाही. ही मर्यादा सैल करण्याचा अधिकार ऑपरेटरला नाही, त्याच्या मॅनेजरलाही नाही, आणि एकदा एका बोटाची सवलत दिली की पुढच्या पालकाला दोन बोटांची नाकारायला आधार उरत नाही.

पार्कची चूक वेगळ्या ठिकाणी आहे. उंची रांगेच्या सुरुवातीलाच, शक्य तर प्रवेशद्वारावरच मोजायला हवी होती. काही ठिकाणी तिथे मोजून मुलाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधतात, म्हणजे कोणत्या राइडवर बसता येईल हे घरच्यांना सकाळीच कळते. नकार कसा द्यायचा हेही शिकवावे लागते. आम्ही नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायचो की आधी खाली वाकून मुलाशी बोलायचे, मोजपट्टीपाशी नेऊन त्यालाच आपली उंची पाहू द्यायची, जवळची दुसरी राइड दाखवायची आणि मग पालकांकडे वळायचे. पालकांशी वाद वाढला तर सुपरवायझरला बोलवायचे, पण सुपरवायझरने येऊन कर्मचाऱ्याचा निर्णय फिरवायचा नाही. चारचौघांसमोर एकदा निर्णय फिरवला गेला की तो कर्मचारी पुढे कोणालाच अडवत नाही, हे मी पाहिलेले आहे. आपण पार्कला पत्र जरूर लिहा, पण रांगेच्या सुरुवातीला मोजणी का झाली नाही एवढेच विचारा. त्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार करू नका.

प्रश्न : वसईजवळ आमची वडिलोपार्जित वाडी आहे. तिथे तीन-चार स्लाइड आणि एक लाटांचा तलाव असलेला छोटा वॉटर पार्क काढण्याचा विचार आहे. पोहता येणारी गावातली मुले लाइफगार्ड म्हणून ठेवली तर चालेल ना? — एक वाचक, वसई

उत्तर : गावातली मुले जरूर ठेवा, परंतु पोहता येणे ही फक्त पहिली अट आहे. अर्नाळ्याच्या किंवा वसईच्या किनाऱ्यावर वाढलेला मुलगा उत्तम पोहत असेल, पण बुडणारा माणूस चित्रपटात हातपाय आपटून ओरडतो तसा प्रत्यक्षात सहसा ओरडत नाही, हे त्याला कदाचित ठाऊक नसेल. बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत राहते, श्वास घेण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही, आणि आजूबाजूला खेळणाऱ्या पन्नास जणांच्या गलक्यात ही शांतता चटकन ध्यानात येत नाही. वॉटर पार्कच्या जगात १०/२० म्हणून एक मानदंड रूढ आहे: आपल्या वाट्याच्या पाण्यात कोणी संकटात आहे हे लाइफगार्डला १० सेकंदांत कळले पाहिजे आणि त्यापुढच्या २० सेकंदांत तो तिथे पोहोचला पाहिजे. हे जमण्यासाठी प्रत्येकाला पाण्याचा निश्चित भाग वाटून द्यावा लागतो, त्याची नजर तळापर्यंत जाईल अशी उंच जागा द्यावी लागते, आणि अर्ध्या तासाच्या आत जागा बदलून द्यावी लागते, कारण चकाकणाऱ्या पाण्याकडे एकटक पाहणारी नजर त्यानंतर पाहत असूनही पाहीनाशी होते. ज्याच्या हातात शिटी आहे त्याला टॉवेल वाटायला, ट्यूब गोळा करायला किंवा फोटो काढायला कधीही पाठवू नये. छोट्या पार्कमध्ये पैसे वाचवण्याचा मोह नेमका इथेच होतो, म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहे.

प्रशिक्षणासाठी पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था यांच्याकडे चौकशी करा. प्रमाणपत्र मिळाल्यावरही सराव थांबवू नका. गर्दीच्या दिवशी, पूर्वकल्पना न देता, माणसाच्या आकाराची बाहुली तलावाच्या तळाशी सोडून पाहा आणि घड्याळ लावा. हृदय बंद पडल्यास छाती दाबून रक्ताभिसरण सुरू ठेवण्याचे तंत्र तिकीटखिडकीवरच्या माणसालाही यायला हवे.

पंपघराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाणी शुद्ध ठेवण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीनचे द्रावण आणि पाण्याचा सामू (पीएच) खाली आणण्यासाठी वापरले जाणारे आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून दोन्हींच्या खोल्या वेगळ्या असाव्यात, भांडी आणि मापेही वेगळी असावीत, आणि तिथे शिकलेल्या माणसाशिवाय कोणीही जाऊ नये. वीज जाऊन पंप बंद पडला आणि रसायने सोडणारे यंत्र चालूच राहिले, तर दोन्ही रसायने नळीत साचतात. पंप पुन्हा सुरू करताना लोक पाण्यात असले तर तो वायू थेट त्यांच्यापाशी जातो. आपल्याकडे वीज जाण्याचे प्रमाण लक्षात घेता, पंप सुरू करण्यापूर्वी तलाव रिकामा करण्याचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत रंगवून घ्यावा.

साडी, ओढणी आणि सुती कपडे यांविषयीही आधीपासूनच कडक राहा. भिजलेला सैल कपडा पाण्यात जड होतो आणि स्लाइडच्या सांध्यांत अडकतो. स्वच्छ धुतलेले नायलॉनचे कपडे माफक भाड्याने द्या, म्हणजे वाद होणार नाहीत.

प्रश्न : रांग दीड तासाची असताना कर्मचारी दोन-चार सीट रिकाम्या ठेवून गाडी सोडतात. हा आळस नव्हे का? — एक वाचक, घाटकोपर

उत्तर : काही वेळा सीट मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. एखाद्या सीटच्या लॅप बारविषयी शंका असेल तर ती सीट बंद ठेवतात, आणि काही राइडवर वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटावे लागते. इतर वेळी मात्र आपले म्हणणे रास्त आहे. २४ सीटांची गाडी दर ९० सेकंदांनी सुटली तर तासाला ९६० माणसे बसतात. प्रत्येक फेरीत सहा सीट रिकाम्या गेल्या तर ती संख्या ७२० वर येते. सीट सगळ्या भरूनही गाडी ९० ऐवजी १२० सेकंदांनी सुटू लागली तरी आकडा तोच, ७२०. हा वेळ कुठे जातो ते फलाटावर उभे राहून पाहावे: कोणी सॅक कुठे ठेवू म्हणून थांबलेला असतो, कोणी चष्मा आणि मोबाइल काढत असतो, सात जणांच्या कुटुंबाला एकाच रांगेत बसायचे असते.

चांगला सुपरवायझर हा वेळ फलाटाआधी वाचवतो. गाडी येण्यापूर्वीच तो रांगेतल्या लोकांना किती जण आहात ते विचारून ओळींवर उभे करतो, एकट्या आलेल्यांना मोकळ्या सीटसाठी पुढे बोलावतो आणि सामान आधीच लॉकरमध्ये ठेवायला लावतो. लॅप बार तपासण्याच्या वेळाला तो हात लावत नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले, तिथे कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाची घडी व्हॅन आर्सडेल फ्रान्स यांनी बसवली, आणि पुढे तिथल्या प्रशिक्षणात अनेक वर्षे चार तत्त्वांचा क्रम पक्का होता: आधी सुरक्षा, मग सौजन्य, मग देखणेपण आणि सगळ्यात शेवटी कार्यक्षमता. रांग कितीही लांबली तरी हा क्रम उलटा करायचा नाही, असे तिथल्या नव्या कर्मचाऱ्याला सांगितले जात असे.

आपण स्वतः करण्यासारखेही काही आहे. सकाळी दरवाजे उघडताच मोठ्या राइडकडे जावे, सॅक आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवून रांगेत उभे राहावे, चष्म्याला मागून दोरी बांधावी, आणि कोण कोणाशेजारी बसणार हे घरच्यांनी रांगेतच ठरवून ठेवावे.