कोमट

"ताई, मी कोमट हाय का?"

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. यवतमाळ जिल्ह्यातले पाच एकरवाले शेतकरी, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिसऱ्या पिढीचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पाळकांनी बायबलातल्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश दिला होता: लावदिकीया शहराची मंडळी ना थंड ना गरम, म्हणून प्रभू तिला ओकून टाकणार. तेव्हापासून भाऊंची झोप उडाली.

"प्रार्थनेले बसलो की डोळ्यापुढं पऱ्हाटी येते. शुक्रवारची उपासप्रार्थना जागलीपायी चुकते. रोही एका रातीत हरबरा साफ करते, सांगा काय करू? पह्यले भजनात डोळे भरून यायचे. आता काहीच नाही होत."

उपायही त्यांनीच ठरवला होता. वावर मक्त्यानं द्यायचं आणि पूर्ण वेळ सेवेत जायचं. बायकोनं त्या दिवसापासून अबोला धरला होता.

आमच्याकडे हा उपाय जुनाच. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत यवतमाळातच होती. समर्पण म्हटलं की इथल्या म्हाताऱ्यांना अजून ट्रंक उचलून सेमिनरीत गेलेला पोरगाच आठवतो. घरी राहून ज्वारी पेरणाऱ्याचं कोण मोजतं?

झोप उडालेल्या शेतकऱ्याला मी एक प्रश्न थेट विचारतेच: जीव नकोसा होतो का? आमच्या जिल्ह्यात तो टाळून चालत नाही. "नाही," म्हणाले. जेवण बरं होतं, कामही सुरू होतं.

मग पाण्याची गोष्ट काढली. लावदिकीयापासून १० किलोमीटरवरच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, लोक तिथं अंग शेकायला जात. कलस्सैचं पाणी थंडगार, पिण्याजोगं. लावदिकीयात मात्र दुरून नळांनी आणलेलं क्षाराचं पाणी. त्या नळांत साचलेले थर आजही दिसतात. पुष्कळ अभ्यासक म्हणतात, इथं गरम चांगलं नि थंड वाईट असा हिशेबच नाही. दोन्ही पाणी कामाचं, कोमट बिनकामाचं. शिवाय ती मंडळी 'आम्हाला काही उणं नाही' म्हणून निवांत होती. भाऊ तर दोन महिने तळमळत होते.

"जागलीवर रोज हुरूप असतो का?"

"हुरूप कायचा ताई! थंडीनं हातपाय वाकडे होतात."

"तरी जाता?"

"जा लागते."

एरवी मी इथं थांबले असते. बहुतेकांना एवढं पुरतं. मनाची ऊब हेच विश्वासाचं माप धरून बसलेले असतात बिचारे. पण सहज विचारलं, मचाणावरून रातभर पाहता तरी काय?

"काय पाहणार. विहिरीपाशी लहान्याची बॅटरी फिरते."

विहीर वडिलांची, दोघा भावांत सामाईक. दिवसाच्या लाइनीचं ओलीत भाऊंचं, रात्रीच्या लाइनीचं लहान्याचं. तीन वर्षं अशीच पाळी, कारण बोलणंच बंद. मागच्या हिवाळ्यात लहान्याच्या पायावरून साप गेला, तेही भाऊंना पानठेल्यावर कळलं.

"म्हणजे सगळं देवाला दिलं, विहीर सोडून," मी बोलून गेले. इतकं तिखट बोलायला नको होतं. ते गळ्यातल्या दुपट्ट्याची घडी घालत राहिले, मोडत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मत्तय पाच. दान वेदीपाशी ठेव, आधी भावाकडं जा. पाठ हाय मले लहानपणापासून."

सेवेत जाण्याबद्दल मी हो-नाही काही म्हटलं नाही. कापूस घरी येऊ द्या, मग बायकोला समोर बसवून ठरवा, एवढंच सांगितलं.

महिन्यानं फोन आला. रात्रीची लाइन आता एक हप्ता ते घेतात, एक हप्ता लहाना. लहाना अजून बोलत नाही, पाळी मात्र घेतो.

"प्रार्थनेत मन लागतं का?"

"नाही ना. मोटर चालू असते तोवर विहिरीपाशी करतो थोडी. डोळे उघडे ठेवून. साप असतात ताई."