सायकलप्रश्न: दुखरी बैठक, बोटांतल्या मुंग्या आणि मागचं ओझं

प्रश्न: रोज जाऊन-येऊन २४ किलोमीटर सायकल होते. सीटवर जेलचं जाड कव्हर घातलंय, तरी अर्ध्या तासात बैठक दुखू लागते आणि मधला नाजूक भाग बधिर होतो. याहून मऊ सीट घ्यावी का?

उत्तर: नको. आधी ते कव्हर काढून ठेवा. सायकलवर बसल्यावर भार पेलायला हवा तो बैठकीच्या दोन हाडांनी. कव्हर फार मऊ असलं की ही हाडं त्यात रुततात आणि दबलेलं जेल मधोमध फुगून वर येतं. तिथूनच नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्या दबल्या की बधिरपणा येतो. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ लागणारी सीट दहा मिनिटं छान वाटते, पण तासाभराच्या प्रवासात टणक आणि योग्य रुंदीची सीटच सुखाची ठरते.

रुंदी घरीच मोजता येते. कडक स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवा, त्यावर बसून पाय किंचित वर उचला आणि अर्धा मिनिट थांबा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, समजा, १२ सेंटिमीटर आलं, तर थोडं पुढे वाकून चालवणाऱ्याला १४ सेंटिमीटरच्या आसपासची सीट लागते. ताठ बसणाऱ्याला आणखी एक-दोन सेंटिमीटर जास्त.

नवी सीट घेण्याआधी आहे तीच नीट लावून बघा. पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवा. पाय सरळ व्हावा, पण कंबर त्या बाजूला कलू नये. मग चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. आकड्यातच हवं असेल, तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६. क्रँकच्या, म्हणजे पॅडल बसवलेल्या दांड्यांच्या, धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. सीट जास्त उंच असली की दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे घासते आणि कातडी सोलवटते. पुष्कळ जणांची ‘सीट टोचते’ ही तक्रार खरं तर उंचीची असते.

आता कल. सीटवर एक लांब पट्टी ठेवून ती जमिनीला समांतर आहे का पाहा. टोक वर असेल तर बधिरपणाचं कारण सापडलंच. एक-दोन अंश खाली चालेल. त्याहून जास्त झुकवलं तर तुम्ही पुढे घसरत राहाल आणि भार हातांवर जाईल. एका वेळी एकच बदल करा, उंचीत फार तर ५ मिलिमीटर, आणि त्यावर तीन-चार दिवस चालवा. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. उतरल्यावरही बधिरपणा रेंगाळत असेल, तर सायकल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. हातमोजे बदलून फरक पडला नाही.

उत्तर: या दोन बोटांची नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते आणि हँडलवर नेमकी तीच कड दाबली जाते. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर होत असती, तर मनगट मागे मुडपतंय का, हे आधी पाहिलं असतं. तुमच्या बाबतीत भार हातांवरून काढायला हवा. सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना, ते बघा. सीट तिच्या खालच्या दोन दांड्यांवर, म्हणजे रुळांवर, ५ ते १० मिलिमीटर मागे सरकवा. मागे नेल्यावर पॅडलपर्यंतचं अंतरही थोडं वाढतं, म्हणून उंची किंचित उतरवा. सीट मागे घेतल्याने हँडल लांब वाटू लागलं, तर मात्र हँडल वर उचलणं किंवा आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बसवणं हाच उपाय. कोपरं ताठ ठेवू नका आणि दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला.

प्रश्न: मागच्या कॅरियरवर २० किलो धान्याचं पोतं आणतो. वेग घेतला की हँडल थरथरतं आणि सायकल सापासारखी वळवळते. सायकल खराब झाली आहे का?

उत्तर: बहुधा नाही. वजन फार उंच आणि फार मागे गेलंय. मागच्या चाकाच्या धुरीच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. वर ठेवलेलं पोतं बाजूला झुकलं की कॅरियर आणि फ्रेम पिळल्या जातात, परत येताना उलट्या बाजूला जातात, आणि हे हेलकावे हँडलपर्यंत पोचतात.

आधी सायकल रिकामी तपासा. कॅरियरचं मागचं टोक धरून आडवं हलवा. खडखड झाली तर खालचे आणि वरचे बोल्ट सैल आहेत. ते बहुधा ५ मिलिमीटरचे असतात, त्यांना ४ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते. मागे नायलॉनचं कडं असलेले नट बसवा, म्हणजे ते धक्क्यांनी सुटत नाहीत. कॅरियरवर कोरलेली मर्यादा वाचा. पुष्कळ कॅरियरवर २५ किलो लिहिलेलं असतं, काहींवर फक्त १०. नंतर मागच्या चाकाचे स्पोक बोटाने छेडा. एकाच बाजूच्या स्पोकचा आवाज साधारण एकसारखा यायला हवा. जो भद्द वाजतो तो ढिला. स्पोक तुटतात ते जास्त करून मागच्या चाकात, तेही चेनच्या बाजूला. मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरा, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याच्या आत.

शक्य असेल तर पोतं फोडून १०-१० किलोच्या दोन पिशव्या करा आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली टांगा. टाच पिशवीला लागणार नाही इतपतच पुढे घ्या. एवढ्यानेच वळवळ बहुतेक थांबते.

पोतं अखंडच आणायचं असेल तर बांधणीला वेळ द्या. कॅरियरच्या दांड्या अरुंद असतात आणि धान्य वाहतं, म्हणून पोतं दोन्हीकडून ओघळतं. आधी ३० बाय ४५ सेंटिमीटरची प्लायची फळी कॅरियरला चार जागी घट्ट बांधा. पोत्याचं तोंड दाण्यांना लागून आवळा, वर मोकळी पिशवी उरू देऊ नका. पोतं शक्य तितकं सीटला टेकवून ठेवा. मग दोन आडवे पट्टे, आणि तिसरा मागून येऊन सीटच्या दांड्याला अडकणारा, म्हणजे चढावर पोतं मागे सरकणार नाही. जुनी ट्यूब इथे दोरीपेक्षा कामाची: व्हॉल्व्ह कापून टाका, ट्यूब उभी चिरून लांब पट्ट्या करा. रबर पोत्याला आणि लोखंडाला दोन्हीकडे पकडतं. शेवटचा पट्टा न ताणणारा हवा. हुक असलेल्या लवचीक दोऱ्यांवर एकट्याने भरवसा ठेवू नका. खड्ड्यात त्या ताणतात, पोतं उसळतं, आणि सुटलेला हुक स्पोकमध्ये किंवा डोळ्यात जातो.

साधारण एक किलोमीटर गेल्यावर थांबाच. धान्य तोवर बसलेलं असतं आणि आवळून बांधलेल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात. पुन्हा आवळा.

चालताना थरथर सुरू झालीच तर घाबरून पुढचा ब्रेक दाबू नका. दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या दांडीला चिकटवा, सीटवरून अंग किंचित उचला आणि वेग हळूहळू उतरू द्या.

प्रश्न: अडीच मीटरचे पाइप किंवा बांबू सायकलवर कसे न्यावेत?

उत्तर: तीन-चार बारीक नग असतील तर एका बाजूला, फ्रेमच्या वरच्या दांडीला लगटून बांधा. पुढची गाठ फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीला, मागची कॅरियरला. हँडलला किंवा पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या चिमट्याला) काहीही बांधायचं नाही, कारण ते वळतात. बांधून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पाहा. पॅडल एक फेरी फिरवा, मांडी घासते का ते कळेल. मागच्या टोकाला लाल फडकं हवंच.

जाड मोळी असेल तर चढून बसायचा नाद सोडा आणि सायकल हातगाडीसारखी ढकला. १९५४ साली फ्रेंच सैन्याविरुद्धच्या, व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी एकेका सायकलवर २०० किलोच्या आसपास रसद डोंगरातून अशीच ढकलत नेली होती. त्यांची युक्ती आजही वापरावी अशी आहे: हँडलच्या एका टोकाला लांब काठी बांधायची, दुसरी काठी सीटच्या जागी उभी. पहिलीने दिशा द्यायची, दुसरीने तोल धरायचा आणि ढकलायचं. ओझं मध्ये असूनही माणूस बाजूने मोकळा चालतो.

प्रश्न: दोन चाकी ट्रेलर जोडला की उतारावर मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं. का?

उत्तर: ट्रेलरमधलं वजन त्याच्या धुरीच्या मागे गेलंय. त्यामुळे जोडाचा दांडा वर उचलला जातो आणि तुमच्या मागच्या चाकाची पकड कमी होते. सामान थोडं पुढे घ्या. दांड्याचं टोक हाताने उचललं तर ३ ते ५ किलो जाणवायला हवेत. उंच सामान आडवं घाला आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा, नाहीतर आतलं चाक उचलतं.

प्रश्न: सामान चढवतानाच सायकल कोसळते.

उत्तर: एका पायाचं स्टँड जड सामानाला पुरत नाही, दोन पायांचं लावा. सामान चढवताना ब्रेकचा दांडा रबरी कड्याने मुठीला बांधून ठेवा, म्हणजे चाक सरकत नाही. आधी खालचं सामान, तेही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, वरचं शेवटी. उतरवताना नेमकं उलट. आणि निघण्याआधी ते रबर काढायला विसरू नका.