स्केचबुकं कपाटात आणि चर्चा ऑस्करची

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ८९ टक्के, इंटरमिजिएट ड्रॉईंगला ए ग्रेड. तिला ॲनिमेशनच करायचं आहे. म्हणते, ‘फ्लो’सारखे पुरस्कार मिळवणारे चित्रपट करीन. मी बँकेत आहे, मला आकडे कळतात. पैसा ‘महावतार नरसिंह’सारख्या चित्रपटांत आहे आणि तोही ऑस्करच्या यादीत गेलाच की. यातल्या कोणत्या वाटेला भविष्य आहे ते तिने आकड्यांनिशी पटवून द्यावं, मगच फी भरीन, अशी अट मी घातली आहे. अभ्यासावर परिणाम नको म्हणून तिची स्केचबुकं आणि पेन टॅबलेट बारावी होईपर्यंत कपाटात ठेवलंय. एका खासगी संस्थेत पन्नास हजार भरून जागाही धरून ठेवली आहे. तिथली मुलं ऑस्कर विजेत्या चित्रपटांवर काम करतात, असं ते सांगतात. योग्य केलं ना?
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कपाटाच्या वाक्यापाशी थांबले. ऑस्कर आणि कोटींचं नंतर बघू.

तुम्ही हे रागाने केलेलं नाही, काळजीपोटी केलंय, हे पत्रातून दिसतं. पण त्याचा परिणाम काय होतोय ते पाहा. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत आणि आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेत, दोन्हीकडे हाताने काढलेलं चित्र तपासलं जातं. पुढे नोकरी मागायला गेल्यावरही गुणपत्रिका कोणी उघडत नाही, शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाची छोटी फिल्म, बघतात. म्हणजे ज्या एका गोष्टीवर तिची निवड होणार, तिचाच सराव तुम्ही ऐन वर्षात बंद केलात. तुम्ही सांगलीचे, म्हणून सांगते : मैदान तोंडावर आलं असताना पैलवानाला तालमीत जायला कोणी बंदी करतं का? रोज तासभर चित्र काढल्याने बारावीचे मार्क बुडत नाहीत. उलट जिची वही कुलपात गेली आहे ती मुलगी फिजिक्स उघडून बसली तरी मनाने त्या कपाटापाशीच असते. समोर बसून गप्प राहणाऱ्या अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचे टक्केही घसरतात आणि बापाशी बोलणंही तुटतं. टक्के पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात, बोलणं सुरू व्हायला फार वर्षं लागतात.

आता तुमची अट. सतरा वर्षांच्या मुलीने एका अख्ख्या उद्योगाचं भविष्य आकड्यांत मांडायचं आणि ते पटलं तर तिचं शिक्षण होणार! तुम्ही बँकेत लागलात तेव्हा पुढे यूपीआय येईल, काउंटरवरची गर्दी ओसरेल, हे तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं होतं का? ही अट अन्यायाची आहे, ती मागे घ्या. मागे घेतली असं तिला तोंडाने सांगा, नुसतं गृहीत धरू नका.

‘ऑस्करच्या यादीत’ हा शब्दप्रयोग तुम्ही जसा घेतलाय तसाच बहुतेक घरांत घेतला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली ३५ ॲनिमेटेड चित्रपटांची यादी ही पात्र चित्रपटांची होती. साधारणपणे अमेरिकेतल्या ठरावीक शहरांपैकी एकात सात दिवस थिएटरमध्ये चित्रपट दाखवला आणि रीतसर अर्ज केला, की चित्रपट पात्र ठरतो. त्यात निवड झालेली नसते. नामांकन ही पुढची पायरी, ते पाच चित्रपटांना मिळतं आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सदस्य मत देऊन ते ठरवतात. त्या पाचांत ‘महावतार नरसिंह’ नव्हता. त्याने भारतात तीनशे कोटींच्या आसपास कमाई केली ही मोठीच गोष्ट आहे. आपल्याकडे ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं कार्टून, या समजाला त्याने जोरदार धक्का दिला. त्याचं मोल सांगायला ऑस्करचा शिक्का लागत नाही.

पुरस्कार आणि तिकीटबारी यांचं गणित जगातही एका रेषेत चालत नाही. २०२३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने जगभरात १३० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले, पण नामांकनही मिळालं नाही. त्या वर्षीचं ऑस्कर जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’ला गेलं. पुढच्या वर्षी ‘इनसाइड आउट २’ची कमाई १६० कोटी डॉलरच्या वर होती आणि बाजी मारली लाटवियाच्या ‘फ्लो’ने, जो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सुमारे ३५ लाख युरोंत तयार झाला. पण मियाझाकींचाच ‘स्पिरिटेड अवे’ घ्या. त्याला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं आणि जपानमधला कमाईचा विक्रम २०२० पर्यंत त्याच्याच नावावर होता. तेव्हा इकडे पैसा आणि तिकडे कला, अशी जी वाटणी तुम्ही बापलेकींनी केली आहे, ती मुळात टिकत नाही.

तुम्हाला आकडे कळतात म्हणून एक उदाहरण मुद्दाम देते. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ आठवतोय? त्याचं बरंचसं काम संगणकावर झालेलं आहे, ‘रिदम अँड ह्यूज’ या स्टुडिओने केलेलं. त्यांचे मुंबई आणि हैदराबादलाही स्टुडिओ होते, म्हणजे आपल्याकडच्या मुलांचे हात त्याला लागलेले आहेत. चित्रपटाने ६० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले. २४ फेब्रुवारी २०१३ ला त्या कामाला ऑस्कर मिळालं. आणि त्याच महिन्यात, पुरस्काराच्या काही दिवस आधीच स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता! गल्लाही भरला, ऑस्करची बाहुलीही मिळाली, पण ज्यांनी वाघ केला त्यांना दोन्हींचा उपयोग झाला नाही. कारण स्टुडिओ ठरलेल्या रकमेवर काम घेतो. चित्रपट चालला तर नफा निर्मात्याचा, आणि दिग्दर्शकाने शंभर बदल सांगितले तर जादा खर्च बहुतेकदा स्टुडिओच्या अंगावर. अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा अशाच स्टुडिओंचा समूह कोसळला. त्यांच्याच एमपीसी या स्टुडिओने ‘मुफासा’ या चित्रपटाचं काम केलं होतं. तो चित्रपट जेमतेम दोन महिन्यांपूर्वी लागला होता आणि ७० कोटी डॉलरच्या वर गेला. बंगळुरूच्या स्टुडिओतल्या लोकांची नोकरी तरीही गेली.

हे घाबरवायला सांगत नाहीये. तुम्ही चुकीचा आकडा बघताय, एवढंच सांगायचंय. मुलीचा पगार चित्रपटाच्या गल्ल्यावर ठरणार नाही आणि नामांकनावरही नाही. तिला काय येतं, स्टोरीबोर्ड, रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून त्याला संगणकात सांगाडा बसवणं), लायटिंग की कॅरेक्टर ॲनिमेशन, आणि एक स्टुडिओ बंद पडला तर ते कौशल्य दुसरीकडे चालतं का, यावर तो ठरेल. जाहिराती, गेम, वेबमालिका, शैक्षणिक फिल्म, सगळीकडे हीच माणसं लागतात.

मुलीलाही दोन शब्द, तिला वाचून दाखवा. बाळ, ‘फ्लो’चा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस शाळकरी वयापासून छोट्या फिल्म करत होता आणि त्याआधीचा ‘अवे’ हा अख्खा चित्रपट त्याने एकट्याने केला. तू त्याची बाहुली बघतेस, ती वर्षं बघ. आपल्या जेजेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ही बघ, हाताने रंगवलेला आहे. २०१९ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्याने झाली. पण ‘मला पुरस्काराचे चित्रपट करायचेत’ ही इच्छा अजून तुझी नाही, ती बातम्यांतून आलेली आहे. तुला कोणती गोष्ट सांगायची आहे? वीस सेकंदांची सांग. सेकंदाला चोवीसप्रमाणे त्याचे ४८० फ्रेम होतात, बाराच्या हिशेबाने काढलेस तर २४० चित्रं. एवढी काढूनही आवड टिकली, तर आपण बोलू.

परीक्षांचं थोडक्यात : एनआयडीची प्रवेशपरीक्षा डॅट, यूसीड आणि बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी देऊ शकतो. तारखा आत्ताच बघून ठेवा.

राहिली ती संस्था. ‘ऑस्कर विजेत्या चित्रपटांवर काम’ हे खोटं असेलच असं नाही. परदेशी चित्रपटांचं रोटोचं काम, म्हणजे फ्रेममागून फ्रेम आकृतीची कडा कापून काढणं, भारतात मोठ्या प्रमाणावर होतं. कष्टाचं, प्रामाणिक काम आहे, पण त्यासाठी लाखांची फी भरायची का, हा प्रश्न आहे. पुढचा हप्ता देण्याआधी तिथे जा, मुलीला सोबत घेऊन जा. गेल्या बॅचच्या दहा मुलांची शोरील दाखवा म्हणा, निवडक दोघांची नको. त्यातली किती रोटोवर आहेत आणि किती ॲनिमेशनवर, हे विचारा. शिकवणारे सध्या स्टुडिओत काम करतात का, आणि एनआयडीला नंबर लागला तर पन्नास हजारांतले किती परत मिळतील, हे कागदावर मागा. शोरील बघताना मात्र तुम्ही गप्प बसा आणि प्रश्न तिला विचारू द्या. कोणतं काम चांगलं आणि कोणतं भरताड, हे त्या खोलीत तिला तुमच्यापेक्षा जास्त कळेल.