आजीच्या भाषा मिक्स का होतात

पिल्लू,

काल गाडीत विचारलंस ना, आजी माझ्याशी इंग्लिश बोलता बोलता मधेच कन्नड का बोलते, म्हातारी झाली म्हणून गोंधळते का? तेव्हा ट्रॅफिकमधे नीट सांगता आलं नाही.

अगं आजी बेळगावची, तिकडे घरात मराठी नि बाजारात कन्नड हे रोजचंच. परवा व्हिडिओ कॉलवर भाजीवाला दारात आला तर त्याला "एष्टु?" विचारलं, मेथी महाग म्हणून माझ्याकडे मराठीत कुरकुरली आणि लगेच तुला "वन मिनिट हं बाळा". याला गोंधळ म्हणायचं का? ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांच्या डोक्यात सगळ्याच कायम जाग्या असतात, नको ती दाबून ठेवायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं, आणि वय झालं की तिथला वेग कमी होतो, मग भाषा बदलायला वेळ लागतो, शब्द अगदी ओठावर येऊन अडतो, माणसांची नावं तर हमखास. शब्दसाठा मात्र शाबूत असतो हं, तिचा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता बाबाचं ते "मराठी बोल, मेंदू तरुण राहील". इथल्याच, टोरंटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या एलन बियालिस्टॉक यांना २००७ मधे दिसलं की डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मरणशक्ती नि विचारशक्ती हळूहळू कमी होत जाणाऱ्या आजाराच्या, पेशंटमधे दोन भाषावाल्यांना लक्षणं साधारण ४ वर्षं उशिरा आली. पण त्यातले बरेचसे बाहेरून आलेले, म्हणजे फरक भाषेचा की स्थलांतराचा? म्हणून मला हैदराबादचा २०१३ चा अभ्यास जास्त पटतो, सुवर्णा अल्लाडी आणि टीमचा, ६४८ पेशंट, तिथलेच लोक, तरी साडेचार वर्षांचा फरक, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांतही. पण नंतर बऱ्याच जणांनी टेस्ट घेतल्या तर भाषांमुळे डोकं चपळ होतं असं काही दिसलं नाही, त्यामुळे बाबा थोडं फेकतोय एवढं नक्की.

तू फक्त एक कर, आजी अडकली की लगेच शब्द पुरवू नकोस, टीव्ही बंद ठेव आणि तुम्ही तिघं एकदम बोलू नका. आणि तुझं नाव घ्यायच्या आधी ती सगळ्या नातवंडांची नावं घेते ते वयावर ढकलू नकोस, मला पण कायम आधी मामाच्याच नावाने हाक मारायची, तेव्हा ती चाळिशीची पण नव्हती.

आई