गाजराला पांढरे तुरे आले? औषधाच्या दुकानात जाऊ नका

प्रश्न (जिंतूर तालुका): वीस गुंठे गाजर आहे, अडीच महिने झाले. मधूनमधून झाडं कमरेएवढी वाढून पांढरे तुरे आलेत. उपटलं तर मूळ पांढरट आणि लाकडासारखं. दुकानदार म्हणतो, जिब्रेलिक (झाडाची वाढ करणारं संजीवक) फवारा, तुरे थांबतील आणि गाजर फुगेल.

उत्तर: फवारू नका. जिब्रेलिक ॲसिडने गाजर उलट तुऱ्यावर येतं. थंडी मिळाली नसली तरी येतं. पाला वाढतो आणि मूळ तेवढं मार खातं. हा सल्ला म्हणजे आगीवर रॉकेल आहे. ‘टॉनिक’ म्हणून दिलेल्या बाटलीतही जिब्रेलिक असू शकतं, मागची चिठ्ठी वाचा.

आता झाडाकडे बघा. तुरा आलेलं मूळ लाल आणि बऱ्यापैकी जाड असेल, तर वाण किंवा पेरणीची वेळ चुकली आणि थंडीने तुरा काढला. मूळ पांढरट, फाटे फुटलेलं आणि चिवट, देठावर बारीक केस, पांढऱ्या तुऱ्याच्या मधोमध एखादं गर्द जांभळट फूल, असं असेल तर बियाण्यात रानगाजराचा अंश आला आहे. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. रानगाजर आणि आपलं गाजर एकाच प्रजातीचे. माश्या-मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात, आणि त्या संकराची रोपं पहिल्याच वर्षी फुलतात. म्हणून दुसऱ्या गाजरापासून प्रमाणित बीजोत्पादनात ८०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) १००० मीटर अंतर सोडावं लागतं. सुट्टं बियाणं विकणारा हे अंतर पाळतो का, ते त्यालाच विचारा.

दुकानदार आता तणनाशक काढेल. घेऊ नका. ज्याने रानगाजर मरेल त्याने तुमचं गाजरही मरेल, दोन्ही एकच झाड आहे. टू-फोर-डी हे तणनाशक तर बांधावरही नको. तुरे आलेली झाडं बी धरायच्या आत मुळासकट उपटा. बी एकदा सांडलं की वर्षानुवर्षं त्याच वावरात उगवत राहतं.

युरियाचंही तेच. पाला पिवळसर दिसला की पोतं रिकामं करायचं, ही खोड मी फार शेतांत पाहिली. नत्र जास्त झालं की मुळांना केस फुटतात आणि गाजर तडकतं. नत्राचे दोन हप्ते पुरे: अर्धं पेरताना, उरलेलं महिन्याने. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा, दुकानाच्या काउंटरवर नाही. कच्चं शेणखत टाकलं असेल तर फाटे फुटणारच, त्याला औषध नाही.

प्रश्न (औसा तालुका): एक एजंट रानगाजराचं बियाणं देतोय. फुलं सजावटीला जातात, माल परत घेऊ म्हणतो. लावावं का, आणि कसं?

उत्तर: आधी लेखी करार मागा. कोण घेणार, कुठे पोचवायचं, दर काय. तोंडी हमीवर एक गुंठाही लावू नका. झेंडू-शेवंतीसारखं रोज खपणारं हे फूल नव्हे. ‘दारा’ नावाची गुलाबी-जांभळट फुलांची जात सजावटीत चालते, पण ती मागणी मोठ्या शहरांतली.

करार पक्का असेल तर दोन-चार गुंठ्यांवरच करून बघा. रोपवाटिका करू नका, सोटमूळ मोडलं की झाड बसतं. दसऱ्यानंतर गादीवाफ्यावर थेट पेरा. बी जेमतेम मातीआड जाईल एवढंच दाबा. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वरचा थर सुकू देऊ नका. आपल्या काळ्या रानात पपडी धरली की उगवण गेलीच समजा. नंतर फुटाफुटावर विरळणी. खताचा मारा केला तर झाडं लोळतात. फुलायला थंडी लागते, परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो ते याला पोषकच. तरी सगळी झाडं एका वेळी फुलतील असं धरून चालू नका. तुरा उमलला की कापा. पक्ष्याच्या घरट्यासारखा आत वळायला लागला म्हणजे बी धरलं, उशीर झाला. कापताना पूर्ण बाह्या घाला, चीक अंगाला लागून ऊन पडलं की फोड येतात. शिवारात कुणी गाजराचं बी धरत असेल तर हे पीक लावूच नका.

प्रश्न (पैठण तालुका): चांगलं बियाणं मिळत नाही, काय करावं?

उत्तर: घरचं धरा, मी सगळ्यांना हेच सांगतो. पुसा केसर, पुसा मेघाली किंवा आपलं गावरान लाल, यांचं बी आपल्याकडे तयार होतं. नँटिस या थंड हवेच्या वाणाचं होत नाही, त्याला डोंगराळ भागाची थंडी लागते. डिसेंबरअखेर सरळ, चांगल्या रंगाची आणि आतला गाभा बारीक असलेली गाजरं निवडा. खालचा तिसरा हिस्सा आणि पाला कापा, शेंड्याला चार बोटं पाला राहू द्या, आणि दोन फुटांच्या सरीवर परत लावा. बी मुख्य तुऱ्याचं आणि पहिल्या फांद्यांचंच घ्या. मागून येणारे तुरे बारीक बी देतात.

  पहिला प्रश्न विचारणाऱ्या जिंतूरच्या शेतकऱ्यांनी बियाण्याची पावती, पिशवी आणि उरलेलं बी जपून ठेवून, बियाण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा, आणि तोही पीक वावरात उभं असतानाच.