‘प्रतिगामी गुन्हेगार’ म्हणायचं का?

फोंड्याच्या एका मुलीने विचारलंय, समाजकार्याच्या प्रोजेक्टसाठी ती बाल लैंगिक अत्याचार करणाऱ्यांचे प्रकार मराठीत लिहितेय आणि ‘रिग्रेस्ड’ला तिने ‘प्रतिगामी’ केलंय, चालेल का?

नाही गो बाय, अजिबात नको. मराठीत प्रतिगामी म्हटलं की लगेच पुरोगामीच्या उलट, म्हणजे जुनाट राजकीय विचारांचा माणूस डोळ्यासमोर येतो, वाचणारा तिथेच चुकणार. मानसशास्त्रात रिग्रेशनला, म्हणजे मागच्या टप्प्याकडे परत जाण्याला, ‘प्रतिगमन’ शब्द आहेच, त्यावरून ‘प्रतिगमित’ लिही.

आता हे शब्द आले कुठून, तर अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रॉथ, त्याने १९७८ मध्ये एका सहकाऱ्यासोबत मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्या १७५ पुरुषांचा अभ्यास छापला आणि दोन गट केले. एक फिक्सेटेड, ज्याची ओढ वयात आल्यापासून लहान मुलांकडेच असते, याला मी ‘स्थिरबद्ध’ म्हणेन आणि तोंडी समजावताना सरळ ‘खिळलेला’, नजर खिळते तसा. दुसरा रिग्रेस्ड, ज्याचे संबंध एरवी मोठ्यांशीच, पण नोकरी गेली, संसार बिघडला की मुलांकडे वळतो.

या दुसऱ्यासाठी ‘पाय घसरलेला’ हा शब्द सुचेल, आपल्याकडे कोकणीतही पांय निसरलो म्हणतातच, पण कृपा करून वापरू नको. पाय घसरणं म्हणजे चुकून झालेलं, त्यात दोष चिखलाचा. इथे माणसाने केलेलं आहे. पेपरात पूर्वी ‘अतिप्रसंग’ छापायचे तेही तसंच, मला तो शब्द वाचवत नाही, करणारा माणूसच त्यातून गायब.

‘नराधम’ पण टाळ. गोव्यात अजून लोकांना मडगावचा फ्रेडी पीट्स आठवतो, अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणारा, १९९१ला पकडला, १९९६ला जन्मठेप, आणि मग वाटतं असले लोक म्हणजे कुणीतरी बाहेरचा राक्षस. पण पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, केसेसची सरकारी आकडेवारी बघ, दहातल्या नऊपेक्षा जास्त आरोपी ओळखीचेच, घरातले, शेजारचे. नराधम शोधत बसलो तर काका दिसतच नाही.

आणि ‘पीडोफाइल’ सगळ्यांना लावू नको, ते लहान मुलांकडे असलेल्या ओढीचं नाव आहे, कृत्याचं नाही, प्रतिगमित गटातल्या अनेकांना तर ते बसत नाही. कृत्यासाठी ‘मुलांवर अत्याचार करणारा’, लांब असला तरी असूदे.